इसाबुरोचा खालचा ओठ

किताहामा इसाबुरो याच्या खालच्या ओठाला नागाइसो बंदरावर एकावन्न वर्षे मान होता. आणि त्या ओठातील जाणीव पार गेली आहे, ही गोष्ट त्याने अकरा दिवस कोणालाही कळू दिली नव्हती.

ओठाला मान असावा, हे चमत्कारिक वाटेल. परंतु इसाबुरोचे कामच तसे होते. तानेदा घराण्याच्या कोठारात अंग फुगवणाऱ्या केंड माशाची गाभोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, मुरवली जाते. केंडाच्या मांसाचे कौतुक सगळीकडे आहे. गाभोळीचे नाव काढताच मात्र इतर मुलखांतले लोक हात मागे घेतात, आणि ते योग्यच आहे, कारण एका गाभोळीत दहा-बारा माणसांना पुरेल इतके विष असते. आमच्या कागा किनाऱ्यावर ती एक वर्ष मिठात, आणि त्यापुढे दोन वर्षे भाताच्या कोंड्यात, वर दगडांचे ओझे ठेवून आणि कडेकडेने पेडवे या लहान माशांच्या खारवणाचे पाणी सोडत मुरवतात. तीन वर्षांनी ती मधाच्या रंगाची, दाणेदार आणि कडक खारट होऊन पिंपाबाहेर येते. तिचा कागदासारखा पातळ काप भाजून गरम भातावर ठेवला की प्रवासी डोळे मिटतात. विष कोठे जाते, ते मात्र कोणालाच ठाऊक नाही. विद्यापीठातील मंडळी काचेच्या नळ्या घेऊन आली आणि नळ्या घेऊन परत गेली. थोडे मिठात विरते, थोडे कोंड्यात मुरते, आणि उरलेल्याची चौकशी करू नये, असे जुनी माणसे सांगत.

प्रांताच्या प्रयोगशाळेचा दाखला आल्याखेरीज पिंप विकता येत नाही, हा सरकारी कायदा. तानेदा घराण्याचा कायदा त्याहून जुना. दाखला आलेला असो वा नसो, घरच्या चाखणाऱ्याने चाखल्याशिवाय पिंप फुटत नाही. ज्या दिवशी पिंप फोडायचे, त्या दिवशी सकाळी नऊ वाजता चाखणारा भाताच्या शिताएवढा तुकडा घेई, खालच्या ओठाच्या आत शंभर आकडे होईतो धरून ठेवी आणि मग गिळी. त्यानंतर दुपारची देवळातली घंटा वाजेपर्यंत त्याने कोठाराच्या दारापाशी असलेल्या बाकावर बसायचे. पाणी नाही, तंबाखू नाही, कोणाशी बोलणे नाही. घंटा झाली आणि ओठ शांत असला, तर ‘शांत आहे’ एवढेच म्हणून त्याने पिंपाचा दोर सोडायचा. ओठाला मुंग्या आल्या, तर पिंप जमिनीत पुरायचे.

इसाबुरोच्या कारकिर्दीत पिंप पुरण्याची पाळी एकदाच आली होती. त्याला तेहेतीस वर्षे झाली. एका बाजूचा दगड घसरून कोंडा कोरडा पडला होता, आणि प्रयोगशाळेसाठी नमुना निघाला होता दुसऱ्या बाजूचा. इसाबुरोच्या ओठाने ते ओळखले. त्या दिवसापासून बंदरावरचे लोक त्याला वाट देऊ लागले. त्याचा गुरू म्हातारा उहेई तेव्हा जिवंत होता. त्याने शिकवले होते, “आधी ओठ, मग बोटांची टोकं, मग जीभ. जिभेपर्यंत वाट बघत बसलास, तर सांगायला जीभच उरायची नाही, पोरा.”

आणि आता नोव्हेंबर सरत आला असताना तो ओठ, सांभाळून ठेवलेल्या पण तारा तुटलेल्या वाद्यासारखा, नुसता जागच्या जागी होता.

घडले ते असे. अकरा दिवसांपूर्वी कोठाराच्या छपराची दुरुस्ती झाली. त्यासाठी बाराही पिंपे भिंतीपासून ओढून दुसऱ्या बाजूला न्यावी लागली. पिंपांवर क्रमांकाच्या लाकडी पाट्या टांगलेल्या असत. पिंपावर मात्र काहीही लिहायचे नाही, कारण शाई लाकडात उतरते आणि गाभोळीला तिची चव लागते, अशी त्या घराण्याची पक्की समजूत. पाट्यांना बुरशी आली होती, म्हणून इसाबुरोने त्या उतरवल्या, धुतल्या, वाळवल्या आणि कामगार गेल्यावर पुन्हा टांगायला घेतल्या. पाट्या मांडीत घेऊन तो पायरीवर बसला, एवढे त्याला आठवत होते. पुढचे आठवते ते असे की, तो जमिनीवर आडवा होता, तोंडात मातीची चव होती, आणि पश्चिमेच्या झरोक्यातला उन्हाचा पट्टा जमिनीवरून पूर्वेच्या भिंतीवर चढला होता. पाट्या आजूबाजूला विखुरल्या होत्या. तो उठला. कपडे झटकले. डावा हात जड वाटत होता, तरी त्याने बाराही पाट्या टांगल्या.

कोणत्या पिंपावर कोणती पाटी टांगली, हे त्याला ठाऊक होते. ती तेथेच टांगायची होती की नाही, हे ठाऊक नव्हते.

मिठातली तीन पिंपे नजरेलाच कळत. त्यांत चूक संभवत नव्हती. राहिली नऊ. त्यांपैकी एक ते पाच क्रमांकांची तीन वर्षे भरलेली, दाखला मिळालेली. सहा ते नऊ या क्रमांकांची कोंड्यात पडून जेमतेम एक वर्ष झालेली. वरून सगळ्यांवर तोच कोंडा, तोच दोर, तेच दगड. काप काढला तरी रंगावरून खात्री देता येईना, कारण यंदाचा उन्हाळा थंड गेला होता आणि जुन्या मालालाही नेहमीची लाली चढली नव्हती. एक वर्षाची गाभोळी आणि तीन वर्षांची गाभोळी यांत निवाडा करील असे त्या कोठारात एकच साधन होते. आणि ते इसाबुरोच्या तोंडावर होते.

त्याच संध्याकाळी चहा पिताना ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून चहा गळाला. त्याने सुरी तापवून ओठाला हलकेच लावून पाहिली. कातडीला पांढरा डाग पडला, पण कळले काही नाही.

चाखणाऱ्याचा ओठ गेला असे सांगायचे, म्हणजे बाक सोडायचा. ‘उद्या सांगू’ असे तो रोज ठरवी. उद्या आला की परवाचे निमित्त सापडे. असे करता करता या हंगामातले पहिले पिंप फोडण्याचा दिवस उजाडला; पाळी तीन क्रमांकाच्या पिंपाची होती, कारण फोडण्याचा क्रम क्रमांकांप्रमाणे नसे.

त्या सकाळी त्याची बायको त्सुने हिने भातावर चहा ओतून वाडगा पुढे केला आणि ती समोर बसून टक लावून पाहू लागली. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात तिने गप्प राहून पाहिल्याचे प्रसंग फार थोडे होते.

“अहो, भात खाताय की अंगरख्याला भरवताय?”

“गरम आहे,” इसाबुरो म्हणाला.

“गरम? मघाशीच वाफ गेलीय त्याची. आठ दिवस बघतेय मी. परवा मुळ्याच्या लोणच्याचा तुकडा तोंडातून पडला तो तुम्हाला कळलासुद्धा नाही. शेजारच्या ताकेओच्या आजोबांचं असंच झालं होतं. आधी लाळ, मग पाय.”

“ताकेओचा आजा नव्वदीचा होता.”

“तुम्ही काय सोळाचे आहात?” ती पुढे सरकली. “हसून दाखवा बघू.”

“सकाळी सकाळी हसायला काय झालंय?”

“मी सांगतेय म्हणून हसा.”

त्याने वाडगा खाली ठेवला आणि तो उठला. “आज पिंप आहे. पाहुणे यायचेत. मला उशीर होतोय.”

“तोंड असं करून लग्नाच्या दिवशीही निघाला होतात,” ती मागून म्हणाली. पण तिच्या आवाजातली थट्टा अर्ध्यावरच विझली होती.

बाहेर समुद्र शिसवी रंगाचा झाला होता. वारा पडलेला असूनही लाटा धक्क्यावर आदळत होत्या, आणि हाकुसान डोंगराच्या बाजूला, ढगांच्या पोटात, गडगडाट चालू होता. नोव्हेंबरअखेरचा हा गडगडाट बुरी नावाचा हिवाळी मासा जागा करतो म्हणून कोळी त्याचे स्वागत करतात. इसाबुरोला त्या दिवशी तो कोणीतरी वरच्या मजल्यावर पिंपे सरकवत असल्यासारखा वाटला.

कोठाराची मालकीण फुमिए तानेदा दारातच उभी होती. तीस वर्षांपूर्वी ती या घरात सून म्हणून आली, आणि नवरा गेल्यापासून घर आणि कोठार दोन्ही तिच्या अंगावर पडले होते. ती इसाबुरोला काका म्हणे.

“काका, या लवकर! ओसाकाच्या ओगुरासाहेबांचा काल फोन आला. सहाजण आहेत. गावोगावचा खाऊ खात हिंडतायत म्हणे. तोयामाला दाबलेला मासेभात खाल्ला, फुकुईला बांगडा खाल्ला, आणि आता शेवट आपल्या गाभोळीनं करायचा. एकोणीस वर्षं दर नवीन वर्षाला आपलं पार्सल घेणारा माणूस, पहिल्यांदा घरी येतोय.”

“किती वाजता येणार?”

“पावणेएकच्या गाडीनं. तोवर तुमची घंटा झालेली असेल.” ती हसली. “मी त्यांना सांगितलंय, आमच्याकडे यंत्रबिंत्र काही नाही, काकांचा ओठ आहे. ते म्हणाले, त्या ओठाचा फोटो काढू देणार असाल तरच येतो.”

इसाबुरोने मान लववून अभिवादन केले आणि तो आत गेला. ती स्वयंपाकघराकडे वळली.

कोठारात काळोख आणि आंबूस वास होता. तीन क्रमांकाची पाटी ज्यावर टांगली होती, त्या पिंपाची कड त्याने मोकळी केली, हात आत घातला आणि एक गाभोळी काढून फळीवर ठेवली. सुरीने शिताएवढा तुकडा कापला. नंतर कितीतरी वेळ तो त्या तुकड्याकडे पाहत उभा राहिला. एवढ्याशा तुकड्याने त्याचा ओठ काही सांगणार नव्हता. ओठ मुका झाला, तर बोटांना विचारावे लागेल. आणि बोटांपर्यंत पोचायचे तर शीत पुरणार नाही.

त्याने शितापलीकडे सुरी नेली आणि अंगठ्याच्या नखाएवढा जाड काप कापला. अख्खा काप तोंडात घातला. शंभर मोजले. गिळला.

मग तो बाकावर जाऊन बसला. नऊ वाजून चार मिनिटे झाली होती.

त्याचा हिशेब सरळ होता, निदान त्याला तो तसा वाटत होता. विष असेल तर घंटेच्या आधी ते त्याला गाठील; पाहुणे पोचतील तेव्हा बाकावर काय पडले आहे ते पाहून कोणी पिंपाला हात लावणार नाही. विष नसेल तर तो ‘शांत आहे’ म्हणेल आणि ते खोटे ठरणार नाही. कोणत्याही बाजूने, ओठाविषयी काही सांगावे लागणार नव्हते. या हिशेबात एक गफलत होती, ती त्याला अर्ध्या तासाने उमगली. डाव्या हाताची बोटे, तो पडला त्या दिवसापासूनच, बधिर होती. उजव्या हाताची थंडीने गारठली होती. त्याने अंगठ्याच्या नखाने एकेक बोट टोचून पाहिले. करंगळीला टोचलेले नीट कळले नाही. ही थंडी, की दुसरे काही? पुन्हा टोचले. या वेळी कळल्यासारखे वाटले. एकावन्न वर्षे आपल्या शरीराची साक्ष त्याने डोळे मिटून मानली होती. आज ते शरीर दर प्रश्नाला दोन उत्तरे देत होते.

गडगडाट जवळ आला. छपरावर गारांचे चार दाणे वाजले आणि थांबले.

साडेदहाच्या सुमारास डाव्या बाजूने कोणीतरी येऊन उभे राहिले. तो समोर पाहत राहिला. बाकावरच्या माणसाने बोलायचे नसते. मग त्सुनेचा आवाज आला.

“गळपट्टा विसरलात.”

त्याने मान हलवली. तिने गळपट्टा त्याच्या गळ्याभोवती गुंडाळला आणि ती समोर आली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“आत्ता मी काय केलं?”

त्याने प्रश्नार्थक नजरेने पाहिले.

“गळपट्टा गुंडाळताना मी तुमचा ओठ चिमटला. चांगला नखं रुतवून. रक्त आलंय, बघा.” तिने आपला अंगठा त्याच्यासमोर धरला. “कळलं?”

इसाबुरोने हात उचलून ओठाला लावला. बोट ओले झाले. लाल झाले. एकावन्न वर्षांचा नियम मोडून तो बाकावर बसल्या बसल्या बोलला.

“हळू बोल. मालकीणबाई ऐकतील.”

“कधीपासून?”

“छपराचं काम झालं त्या दिवसापासून.” आणि मग, धान्याच्या पोत्याला भोक पडावे तसे त्याच्या तोंडातून सगळे सांडत गेले: पायरी, मांडीतल्या पाट्या, भिंतीवर सरकलेले ऊन, सुरीने पडलेला पांढरा डाग. कापाची गोष्ट त्याने शेवटी सांगितली.

“केवढा खाल्लात?”

त्याने अंगठ्याचे नख दाखवले.

त्सुनेने एक शिवी हासडली. ती येथे लिहिण्यासारखी नाही. कोळणी जाळे फाटले म्हणजे देतात, त्या जातीची ती होती. मग ती म्हणाली, “म्हणजे मरून दाखवणार होतात. तोंड उघडण्यापेक्षा ते सोपं.”

“उतरलं असेल विष. रंग बरा होता.”

“रंग!” ती वळली आणि कोठारात शिरली. ती काय करते आहे हे इसाबुरोच्या लक्षात यायला क्षणभर उशीर झाला. तो उठला तेव्हा डावा पाय मागे राहिला आणि तो दाराच्या चौकटीवर आदळला. आत फळीवर मघाचा शिताएवढा तुकडा तसाच पडला होता. त्सुनेने तो चिमटीत धरला होता.

“अगं, ठेव तो! ठेव म्हणतो ना!”

“लग्नाआधी सात वर्षं याच कोठारात गाभोळ्या धुतल्या मी. मला शिकवू नका.” तिने तुकडा खालच्या ओठाच्या आत ठेवला, ओठ मिटले, आणि हाताच्या बोटांवर शंभर मोजायला सुरुवात केली. इसाबुरोने तिच्या हनुवटीला धरून तोंड उघडायचा प्रयत्न केला; त्याच्या डाव्या हातात तेवढे बळ नव्हते. तिने गिळले.

“आता तुमच्यापाशी ओठ आहे,” ती म्हणाली. “चला बाकावर.”

दोघे शेजारी शेजारी बसली. स्वतःच्या मरणाची वाट पाहत बसलेल्या इसाबुरोला मघापर्यंत भय असे वाटले नव्हते. आता मात्र ते वाटले. तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. बोलायची वेळ असो वा नसो, जे तोंड झोपेतही कोणाला तरी दटावत असे, ते आता मिटलेले होते आणि ती जिभेच्या टोकाने ओठाची आतली बाजू चाचपत होती. चाखणारा कसा दिसतो, हे एकावन्न वर्षांत त्याने कधी बाहेरून पाहिले नव्हते.

“काही आहे?” त्याने विचारले.

तिने बोट उभे करून त्याला गप्प बसवले.

अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. एकदा तिने ओठ दातांखाली दाबला, आणि इसाबुरो बाकावरून अर्धा उठला. पण ती नुसती शिंकली.

साडेअकराला रस्त्यावरून गलका ऐकू आला. ओसाकाची मंडळी आधीच्या गाडीने येऊन ठेपली होती. सर्वांच्या पुढे गोल चेहऱ्याचा, लाल टोपी घातलेला ओगुरा. हातात गावोगावच्या खाऊच्या पिशव्या.

“हेच ते! हाच तो बाक!” तो ओरडला. “उस्ताद, आमच्याकडे केंडाला काय म्हणतात ठाऊक आहे? बंदूक! लागली तर मेलो, नाही लागली तर वाढा अजून!”

फुमिए धावत आली. “ओगुरासाहेब, बाकावरच्या माणसाशी बोलायचं नसतं. तुम्ही आधी आत चला.” मग तिची नजर वळली. “काकू? तुम्ही इथे कशा?”

त्सुनेने नुसते बोट उभे केले.

“अरे वा, आज जोडीनं पूजा दिसतेय,” ओगुरा म्हणाला, आणि त्याच्याबरोबरच्या बायका हसल्या. “आम्ही इथेच थांबतो, बाईसाहेब. घंटा ऐकायचीय. माझ्या आईला दर नवीन वर्षी हेच सांगतो मी, की हा काप तुझ्या पानात पडायच्या आधी एक माणूस अख्खी सकाळ मुका बसतो. ब्याण्णव वर्षांची आहे. पहिला काप तिचा.”

सहाही जण हात चोळत उभे राहिले. हळूहळू त्यांचे बोलणे आपोआप कमी झाले. दोन म्हाताऱ्यांच्या त्या बसण्यात काहीतरी होते, ज्यामुळे माणसाला मोठ्याने हसवेना. आभाळ डोक्यावर वाकले होते.

घंटा वाजली.

इसाबुरोने त्सुनेकडे पाहिले. तिने जीभ पुन्हा एकदा ओठावरून फिरवली. नाकाने दीर्घ श्वास घेतला.

“शांत आहे,” ती म्हणाली. इतक्या हळू की ते फक्त त्याला ऐकू गेले. आणि त्याहून हळू, “तुम्ही म्हणा. मी कुणाला सांगणार नाही.”

हाच तो क्षण, ज्याच्यासाठी त्याने जीव पणाला लावला होता. पिंप निर्दोष होते. त्याच्या पोटातील काप आणि बायकोचा ओठ, दोन्हींची तशी ग्वाही होती. पाहुणे हात पुढे करून उभे होते. दोर सोडायचा, दोन शब्द उच्चारायचे, आणि बाक त्याचा राहणार होता. तो उठला, आत गेला, पिंपाच्या दोराला हात घातला. गाठ त्यानेच मारलेली होती. तेथून त्याला बाकीची आठ पिंपे दिसत होती. एकाच रंगाची, एकाच उंचीची, गळ्यात धुतलेल्या स्वच्छ पाट्या अडकवून ती रांगेने त्याच्याकडे तोंड करून उभी होती. हे पिंप चांगले निघाले, याचा अर्थ एवढाच की हे चांगल्या पाचांपैकी एक आहे. पंधरा दिवसांनी तो पुन्हा बाकावर बसणार होता. त्या दिवशी कोणाला बसवणार होता शेजारी?

त्याने दोर सोडला नाही. तो दारात आला.

“मालकीणबाई,” तो म्हणाला, “माझा ओठ गेला.”

“काय म्हणालात, काका?”

“ओठ गेला माझा. बारा दिवस होतील उद्या. पाट्या लावताना मला भोवळ आली, आणि कुठली पाटी कुठल्या पिंपाची, ते माझ्या डोक्यातून पुसून गेलं. अंदाजानं लावल्यात. हे पिंप चांगलं आहे. पण हे तिसरं आहे, असं मी म्हणणार नाही. कुठल्याच पिंपाचं म्हणणार नाही.”

ओगुराने टोपी काढली.

“आणि आत्ता... आम्ही जे खाणार होतो...” त्याच्याबरोबरची एक बाई पुटपुटली.

“ते आमच्या पोटात आहे,” त्सुने म्हणाली. “घाबरू नका. अजून बसलोय.”

फुमिएच्या चेहऱ्यावरून राग, भीती आणि आणखी काहीतरी एकामागून एक सरकून गेले. ती ओरडली असती तर इसाबुरोला बरे वाटले असते. ती ओरडली नाही. तिने कोठाराचे दार ओढले, कमरेची किल्ली काढून कुलूप लावले, आणि पाहुण्यांपुढे कमरेत वाकून ती वाकलेलीच राहिली.

“मला क्षमा करा. आज आमच्याकडे कोंड्यातला बांगडा आहे.”

पाहुण्यांनी बांगडा खाल्ला. चांगला आहे म्हणाले. कोणी दुसऱ्यांदा मागितला नाही, आणि कोणी फोटोही काढले नाहीत. निघताना ओगुरा बाकापाशी थांबला.

“उस्ताद,” तो म्हणाला, “एकोणीस वर्षं मी टेबलावर विनोद करत आलो. बंदूक आहे, बंदूक आहे म्हणून.” मग त्याने वाकून नमस्कार केला आणि तो पिशव्या सावरत गाडीकडे गेला.

त्सुनेने त्याच दुपारी नवऱ्याला गावच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिनीचे नाव सांगितले, गोळ्या लिहून दिल्या, आणि अकरा दिवस काय करत होतात असे विचारले. “विचार,” त्सुनेने उत्तर दिले. “आमच्याकडे ते हळू चालतात.”

नऊही पिंपांचे नमुने फुमिएने स्वतःच्या हाताने काढले, आणि या वेळी पिंपांवर, घराण्याची समजूत बाजूला ठेवून, खिळ्याने खुणा कोरल्या. इसाबुरो बाकावर बसेनासा झाला; तरी दहाच्या सुमारास तो रोज कोठारापाशी येई, बंद दाराला वळसा घालून धक्क्यापर्यंत जाई आणि परत फिरे. वाटेत लोक अजूनही बाजूला होत. मात्र आता ते मान देत होते की अंतर ठेवत होते, हे त्याला नीट उमगत नसे.

डिसेंबरच्या मध्यावर प्रयोगशाळेचा कागद आला. फुमिएने दोघांना घरात बोलावले. खोलीत एका बाजूला नवीन वर्षाच्या पार्सलांची रिकामी खोकी रचून ठेवली होती. छपराच्या दुरुस्तीआधीच तिने त्यांवर पत्त्यांच्या चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या होत्या; दरवर्षी डिसेंबरच्या मध्यावर पाचवे पिंप फोडून त्यातला माल त्यांत भरला जाई.

तिने चष्मा लावला आणि कागद वाचला. पहिले पिंप निर्दोष. दुसरे निर्दोष. तिसरे निर्दोष. चौथे निर्दोष. मग ती थांबली. तिने ओळीखाली बोट धरले आणि तेथून ते हलवले नाही.

“पाच आणि आठ,” ती अखेर म्हणाली. “त्या दोन पाट्यांची अदलाबदल झाली होती, काका.”

“म्हणजे पाचव्यात...” त्सुने म्हणाली.

इसाबुरोचा हात आपोआप ओठाकडे गेला. पंधरवड्यापूर्वी तो बाकावरून उठून ‘शांत आहे’ म्हणाला असता, तर आज सकाळी त्याने आठवे पिंप पाचवे म्हणून चाखले असते. आणि ओठ, गेले कित्येक दिवस तो होता तसाच, अगदी शांत राहिला असता.

बाहेर गडगडले. फुमिएने हात लांब करून सर्वांत वरचे खोके खाली घेतले. त्यावर तिच्या वळणदार अक्षरात ओसाकाच्या ओगुरांचा पत्ता होता आणि त्याखाली, एकोणीस वर्षे ती लिहीत आली होती तसेच: ‘आईसाहेबांना पहिला काप द्यावा.’